पोपटी शर्टातलं पोर

कोंडीरामानं पंचावन्न इंची टीव्ही आणला आणि आण्णासाहेबांच्या घरातली शांतता गेली. तसं बघितलं तर शेजाऱ्यानं टीव्ही आणला म्हणून आपलं काय अडतंय? आणावा, भिंतीला टांगावा, बघावा. पण कोंडीराम गप बसणाऱ्यातला माणूस नव्हे. अख्ख्या गल्लीला हाका मारमारून त्यानं तो दाखवला. "फोर के हाय, फोर के," असं म्हणत चार बोटं अशी नाचवायचा की टीव्ही ह्यानंच बनवला असावा.

धुरपदाबाई सगळ्यांच्या शेवटी गेल्या आणि सगळ्यांच्या आधी परत आल्या. पायरीवर आण्णासाहेब चहा पीत बसले होते. त्यांच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, त्या टीव्हीत नथीतला मोती मोजता येतोय. बाईच्या भुवईचा केस न् केस दिसतोय."

"मग?"

"मग काय? त्याच्यावर आपल्या राजाचं तोंड कसं दिसंल!"

आण्णासाहेबांच्या तोंडातला चहाचा घोट तोंडातच राहिला.

राजा म्हणजे कृष्णराज, त्यांचा एकुलता एक मुलगा. एकवीस वर्षांमागं नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तापानं गेला. अकरा वर्षांचा होता. ताप डोक्यात चढला, तेर गावाहून धाराशिवला नेईस्तोवर पोरानं डोळे फिरवले. त्या काळी शेतकऱ्याच्या घरात कुठले आलेत फोटो? एक तीन वर्षांचा असतानाचा, स्टुडिओत काढलेला, त्यात तोंडापेक्षा काजळच जास्त. एक शाळेचा, साठ पोरांचा, त्यात राजाच्या नेमक्या तोंडावर पाण्याचा डाग. बाकी काही नाही. राहिली होती ती एक सीडी.

धुरपदाबाईंची धाकटी बहीण दैवशाला, तिचं लग्न मुरूमला झालं होतं. राजा जायच्या तीन महिने आधी, मे महिन्यात. मुरूमच्या बसप्पानं खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन शूटिंग केलं होतं. ती सीडी घरी आली दिवाळीत, राजा गेल्यावर. सीडी लावली, मंगलाष्टकं सुरू झाली, शेवटच्या सावधानला गर्दीत पोपटी चौकटीच्या शर्टातलं एक पोरगं तोंड वर करून दोन्ही हातांनी अक्षता उधळताना दिसलं. मोजून नऊ सेकंद. धुरपदाबाई किंचाळल्या, "अहो, राजा! आपला राजा हसतोय बघा!" तेव्हापासून दर साली राजा गेल्याच्या दिवशी त्या सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन, दार लोटून, एकवीस इंची डब्यासमोर एकट्या बसायच्या. नऊ सेकंद बघायच्या, मागं घ्यायच्या, परत बघायच्या. दुपारी बाहेर आल्या की त्यांचा चेहरा निवळलेला असायचा. त्या नऊ सेकंदांवर बाई साल काढायची.

आणि ते पोरगं राजा नव्हताच.

हे आण्णासाहेबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते पोरगं होतं रणधीर, धुरपदाबाईंच्या भावाचा मुलगा. राजाच्याच वयाचा. लग्नासाठी राजाच्या मामानं एका ताग्यातलं कापड आणून घरच्या पाची पोरांना एकसारखे शर्ट शिवले होते. आदल्या दिवशी एकाच न्हाव्यानं पाचीजणांची डोकी एकसारखी भादरली होती. त्या जुन्या डब्यात तोंड दिसायचं नखाएवढं, तेही पुसट. आईनं हाच माझा म्हटल्यावर माझा न्हवं म्हणायला कुणाची जीभ वळणार? बाकीच्यांनी नीट बघितलंच नाही. बघितलं ते एका आण्णासाहेबांनी, आणि ते गप बसले.

का गप बसले? बाईच्या दुःखापायी, असं तुम्ही म्हणाल. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं आण्णासाहेबांनी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

लग्नात दुसऱ्या मंगलाष्टकाला राजानं मूठभर अक्षता जोरात भिरकावल्या, त्या नेमक्या नवरदेवाच्या चुलत्याच्या डोळ्यात गेल्या. चुलता भडकला. "काय पोरं हैत ओ तुमची, वळण न्हाय काय?" भर मांडवात, सगळ्या सोयऱ्यांदेखत. आण्णासाहेब थोरले जावई, डोक्याला फेटा, मानाचे. फेट्यातलं डोकं तापलं. पोराचा दंड धरून त्यांनी त्याला मांडवाच्या कडेला नेलं आणि काडकन् थोबाडीत दिली. "जा, टेंपोत जाऊन बस. लग्न लागूस्तोवर मला तोंड दाखवू नगंस."

पोरगं गेलं. नंतर पंगतीला आलं, जिलबी खाल्ली, बापाच्या पानातलीही एक उचलली. विसरून गेलं असावं. आईला त्यानं काही सांगितलं नाही. बापाची चुगली करणाऱ्यातलं पोरच नव्हतं ते.

आता बायकोला हा राजा न्हवं म्हणायचं, तर ती पुढचं विचारणारच, मग राजा कुठं होता? त्याला उत्तर एकच होतं. म्हणून एकवीस वर्षं आण्णासाहेब राजाच्या दिवशी शेतात जाऊन बसायचे.

"न्हाय त्या टीव्हीचं काय कौतिक?" त्या दिवशी ते घोट कसाबसा गिळून म्हणाले. "आपला डबा चालतोय की चांगला."

"चालतोय कुठला? सगळी माणसं हिरवी दिसायलीत. परवा बातम्या सांगणारी बाई तर निम्मीच दिसत हुती."

"मेकॅनिक आणतो."

"मेकॅनिकाला घाला चुलीत!" धुरपदाबाई एकदम त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. नवऱ्याशेजारी असं उघड्यावर बसणाऱ्यातली बाई नव्हती ती. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमाला खरं सांगू? डोळं मिटलं की आता त्याचं तोंड येत न्हाय मला. आधी यायचं. आता शर्ट येतो, पायावर पाय ठिवून हुबा राहायची खोड हुती ती येती, हसनं येतं. तोंड येत न्हाय. म्या आई हाय न्हवं त्याची? मग माझ्याच डोळ्यातून कसं गेलं ते?"

आण्णासाहेब उठले आणि गोठ्यात जाऊन म्हशीला पेंड घातली. सकाळीच घातली होती, तरी घातली.

त्यानंतर महिनाभर त्या घरात एकच विषय. ह्या माणसानं टीव्ही न घेण्यासाठी जेवढी डोकेफोड केली तेवढी कुणी घेण्यासाठीही करत नाही. मोठ्या टीव्हीनं डोळे जातात. विजेचा दाब कमी-जास्त झाला की पडदा फुटतो. भिंत मातीची आहे, खिळा धरणार नाही. एवढ्या लहान खोलीत एवढा मोठा टीव्ही लावला तर बसायचं कुठं, अंगणात? गावात चर्चा व्हायला लागली. पारावर कोंडीराम खुशाल सांगायचा, "आठ एकर बागायत, खाणारी तोंडं दोन, आन बायकोला टीव्ही घेववंना. काय संगं घिऊन जाणार हाय का?" आण्णासाहेबांनी ऐकलं आणि खाली मान घालून पुढं गेले. चिक्कू म्हणा, कंजूस म्हणा, काही म्हणा. टीव्ही तेवढा नको.

शेवटी एका सकाळी कुणाला न सांगता ते एसटीनं धाराशिवला गेले. दुकानात ओळीनं टीव्ही लावलेले, सगळ्यांत एकच पोपट उडत होता. विरुपाक्ष नावाचा दुकानदार पुढं आला. आण्णासाहेबांनी त्याला बाजूला घेतलं, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यावर जुनी शीडी लावली तर कशी दिसंल? वीस-एकवीस वर्षांमागली?"

विरुपाक्ष सरळ माणूस निघाला. म्हणाला, "मामा, तुमाला फसवत न्हाय. शीडीत जेवढं टिपलंय तेवढंच दिसणार. टीव्ही किती का भारी असंना, चित्रातच नसलं तर तो आणणार कुठनं? उलट मोठं केलं की फाटल्यावाणी दिसतंय. निस्त्या जुन्या शीडीसाठी घेत असाल तर पैसे वाया."

आण्णासाहेबांना त्याच्या पाया पडावंसं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला. ते वळले, पायरी उतरायला लागले, तेवढ्यात विरुपाक्ष मागून म्हणाला, "पर डब्यापेक्षा बरं दिसंल हां मामा. डबा लई चित्र खातो. कडा तर दावतच न्हाय, चारी बाजूनं चौकटीखाली जातंय. शीडीत त्याच्यापरीस जास्त असतंय."

झालं! आलेला श्वास परत गेला. पण घरी त्यांनी पहिलं तेवढंच सांगितलं. "दुकानदार सोता म्हणला, काय उपेग न्हाय. जुनी शीडी जुनीच दिसणार. उलट फाटतंय."

धुरपदाबाई भाकरी थापत होत्या. थापायचं थांबवून त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "तुमी दुकानात जाऊन आला? माझ्याबिगर?" मग भाकरी तव्यावर टाकत हळूच म्हणाल्या, "फाटकं तर फाटकं. माझंच हाय न्हवं?"

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला रणधीरला फोन लावला.

रणधीर कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. आत्यावर त्याचा जीव. राजा गेल्यापासून दर सुट्टीला तो तेरला यायचा, आणि आत्या त्याला जेवू घालताना त्याच्याकडं बघत राहायची ते आण्णासाहेबांना बघवत नसे. आत्याचा नवरा म्हणून आण्णासाहेबांना तो मामा म्हणायचा. आता फोनवरूनच म्हणाला, "मामांना काही विचारू नका आत्या. नागपंचमीला येतोय, घेऊनच येतो. राजाच्या दिवसाला तुम्ही नव्या टीव्हीवर बघायचं."

म्हणजे बघा, ज्याचं तोंड दिसू नये म्हणून माणूस जिवाचं रान करत होता, तोच टीव्ही घेऊन निघाला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आण्णासाहेबांच्या हातून ते झालं. धुरपदाबाई पुरणाची डाळ निवडायला शेजारी गेल्या होत्या. आण्णासाहेबांनी ट्रंक उघडली, खणाच्या कापडात गुंडाळलेली सीडी काढली आणि विहिरीवर गेले. काठावर उभे राहिले. दोन बोटांत धरून हात पुढं केला. टाकता येईना. त्यातलं पोरगं आपलं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी हात सुटेना. एकवीस वर्षं बायकोनं ज्याच्याकडं बघून दिवस काढले त्याला पाण्यात लोटायचं म्हणजे काय सोपं आहे का? शेवटी त्यांनी ती गोठ्यात फवारणीच्या पंपाच्या खोक्यात, खाली, जुन्या पिशव्यांत खुपसली आणि हात धुतले. परत धुतले.

सणाच्या सकाळी धुरपदाबाईंनी ट्रंक उघडली. मग दुसरी ट्रंक. मग कपाट, देवळी, धान्याची पिंपं, अंथरुणाचा ढीग. तासाभरात घर उलटंपालटं झालं. बायका वारुळाला जाताना दारातून हाका मारत होत्या, "धुरपदाबाई, चला की!" त्या हाकांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. चुलीवर पाणी उकळून उकळून आटलं. दुपारी त्या दमून बंद टीव्हीसमोर खाली बसल्या, पाय पसरून, केस सुटलेले.

"ऊठ, दोन घास खा," आण्णासाहेब म्हणाले.

"आता कायबी न्हाय माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. "म्या मेल्यावर वर गेले, आन तिथं लई पोरं असली, तर म्या त्याला वळखू कसं? सांगा की. वळखू कसं?"

आण्णासाहेब तडक गोठ्यात गेले. सीडी धोतराच्या सोग्याला पुसून आणली आणि म्हणाले, "पिंपामागं पडली हुती."

धुरपदाबाईंनी ती छातीशी धरली आणि नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. माणसानं मरावं कधी, तर तेव्हा मरावं.

संध्याकाळी रणधीर आला, गाडीच्या मागच्या सीटवर आडवं खोकं घेऊन. जुना डबा ओसरीत गेला आणि त्या जागी, टेबलावर, तो काळा पडदा उभा राहिला. रणधीरनं सीडी आपल्या लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरली. "आता खराब व्हायची भीती नाही आत्या." आण्णासाहेबांच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी ते नेहमीसारखे शेताकडं निघाले, तर बायको आडवी. "आज कुठं जाताय? आज तुमीबी बसा. एकवीस सालात एकदा तरी माझ्यासंगं बघा त्याला." हात धरून खाटेवर बसवलं. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला रणधीर, मध्ये आण्णासाहेब.

पडद्यावर मांडव आला. बाप रे, केवढा तो मांडव! माणसं परत जिवंत झाल्यासारखी डोळ्यांपुढं आली. गेलेले सासरे, गेलेली सासू, दैवशालाच्या मुंडावळ्या. चित्र जरा भुरकट होतं, दुकानदार म्हणाला होता तसं, पण कोण कोण आहे ते कळत होतं. सगळं कळत होतं. पहिलं सावधान, दुसरं सावधान. मध्येच गर्दीत थोडी गडबड, बसप्पानं कॅमेरा नवरीकडं वळवला. तो कशापायी वळवला ते आण्णासाहेबांना ठाऊक होतं. मग शेवटचं सावधान, वाजंत्री, आणि ते पोरगं. हातभर उंचीचं. तोंड वर, दोन्ही हातांनी अक्षता.

"आला माझा बाळ," धुरपदाबाई पुढं सरकल्या.

आणि रणधीर हसला. मनात काही नसताना, सहज हसून बोलून गेला, "अरे! हा तर मी! ते बघा मनगटात, बाबांनी दिलेलं लाल पट्ट्याचं घड्याळ. काय मिरवायचो मी ते..."

पुढं त्याचं त्यालाच कळलं. गडबडीत त्याचं बोट रिमोटच्या बटणावर पडलं. चित्र थांबलं.

धुरपदाबाई त्या लाल पट्ट्याकडं बघत होत्या. मग पोराच्या तोंडाकडं. मग रणधीरच्या तोंडाकडं, बत्तीस वर्षांच्या, मिशीवाल्या. परत पडद्याकडं.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

"आत्या, माझं चुकलं असेल. जुनं आहे, नीट दिसत नाही..."

"घड्याळ तुझंच हाय. राजा रडला हुता त्याच्यासाठी. मला घड्याळ पायजे म्हनून. म्या म्हनलं हुतं, सातवीत गेलास की घिऊ." त्या अगदी सावकाश बोलत होत्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "मग माझा राजा कुठं हाय? तुमी हुता न्हवं तितं? म्या आत नवरीच्या मागं हुते. तुमी तर बसप्पाच्या खांद्याशी हुबं ऱ्हाऊन गर्दी मागं सारत हुता. कुठं हाय माझं लेकरू?"

टेंपोत, असं सांगायला आण्णासाहेबांनी तोंड उघडलं. पण तोवर बाई उठली होती. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. एकेका तोंडावरून बोट फिरवायला लागली, ओळीनं, दाणे निवडावेत तसं. हा शेजारचा. हा वाजंत्रीवाला. ही दैवशालाची नणंद. बोट सरकत सरकत डाव्या कडेला गेलं, अगदी चित्राच्या बाजूच्या काळ्या पट्टीला लागून, आणि तिथं थांबलं.

मांडवाचा कडेचा खांब होता. खांबाआडून एक पोरगं अर्धं बाहेर आलं होतं. पोपटी शर्ट. एका पायावर दुसरा पाय ठेवून उभं.

"ह्यो," धुरपदाबाई म्हणाल्या. "ह्यो बघा. ह्यो माझा."

आण्णासाहेबांनी बघितलं. होता. राजाच होता. तो टेंपोत गेलाच नव्हता.

"आधी कधी दिसला न्हाय ओ," त्या पडद्याशी बोलत होत्या. "एकवीस साल म्या बघतीय. कुठं बसला हुतास रं?"

"डब्यात कडा दिसायच्या नाहीत आत्या," रणधीर म्हणाला. "चौकटीखाली जायच्या."

"म्हंजे इतंच हुता? म्या समूर बसायची, आन ह्यो चौकटीखाली हुबा?" त्यांनी त्या पोराच्या डोक्यावरून बोट फिरवलं, कपाळावरून, गालावर आणलं, आणि बोट अडखळलं.

"अहो," त्या न वळता म्हणाल्या, "गालावर हात का धरलाय त्यानं?"

रणधीरनं मामांकडं बघितलं.

"दात दुखत हुता व्हय त्याचा? मला बोलला न्हाय."

इथं आण्णासाहेबांना वाट होती. व्हय म्हणायचं होतं फक्त. एकवीस वर्षं गप बसलेल्या माणसाला एक व्हय जड नव्हतं. पण ते पोरगं पडद्यातून सरळ त्यांच्याकडं बघत होतं. बसप्पाच्या कॅमेऱ्याकडं नव्हे. कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथं बाप उभा होता, तिथं.

"म्या मारलं हुतं," आण्णासाहेब म्हणाले. "सोयऱ्यांम्होरं. थोबाडीत. म्हनलं, लग्न लागूस्तोवर मला तोंड दाखवू नगंस." मग सगळंच बाहेर आलं. अक्षता, चुलता, टेंपो, त्या पहिल्या दिवाळीला गप बसणं, खोक्यातली सीडी. बोलता बोलता ते खाटेवरून खाली जमिनीवर आले ते त्यांनाही कळलं नाही. "मला ठाव हुतं ह्यो राजा न्हवं म्हनून. एकवीस साल ठाव हुतं. तुला दुसऱ्याचं पोर दावत ऱ्हायलो म्या."

धुरपदाबाईंनी ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत, छाती बडवली नाही. मग रणधीरला म्हणाल्या, "फुडं जाऊ दे."

रणधीरनं बटण दाबलं. मधलं पोरगं अक्षता उधळायला लागलं. त्याच्याकडं आता कुणी बघितलंच नाही. कडेच्या राजानं खांबाआडून मान आणखी बाहेर काढली. गालावरचा हात काढला. ओठ हलले, हसणार होता बहुतेक. तेवढ्यात बापाची नजर तिकडं गेली असावी. पोरगं दचकलं, आणि सांगितलं होतं तसं, तोंड फिरवून खांबामागं सरलं.

वाजंत्री वाजत राहिली.

"मागं घे," धुरपदाबाई म्हणाल्या. परत आला, परत सरला. "मागं घे." परत तेच. चौथ्या वेळी राजा खांबाआडून बाहेर आला तेव्हा त्यांनी रणधीरचा हात धरला. "थांबव."

मग त्या नवऱ्याकडं वळल्या. डोळे कोरडे होते.

"तुमीच हाकललं त्याला. आता तुमीच हाक मारा. म्हना, ये, तोंड दाखव."

"धुरपदे..."

"मारा हाक."

सहासष्ट वर्षांचा तो माणूस जमिनीवर हात टेकून गुडघ्यांवर पुढं सरकला. पडद्यासमोर बसला.

"राजा," त्यानं हाक मारली. "ये बाबा. तोंड दाखव."

धुरपदाबाईंनी रणधीरला खूण केली. चित्र सुरू झालं, आणि पोरगं तोंड फिरवून खांबामागं गेलं.